ओ पॉझिटिव्हमधलं अधिक कुठे गेलं?

‘कृपया माहिती इंग्रजीतच भरावी. विशेष चिन्हे वापरू नयेत.’

हे वाक्य तुम्ही वाचलेलं आहे. परीक्षेच्या फॉर्मवर, दाखल्याच्या अर्जावर, बसच्या आरक्षणाच्या पानावर. लाल रंगात, बारीक अक्षरात. ते वाचून आपण निमूटपणे आडनावाचं स्पेलिंग दरवेळी वेगळं करतो, दुकानाच्या नावातलं ‘&’ खोडतो, पत्त्यातली तिरकी रेघ काढतो. कॉम्प्युटरचा काहीतरी नियम असेल असं समजतो.

असा नियम नाही. मी पोटासाठी हेच काम करतो, म्हणून खात्रीने सांगतो. बहुतेक वेळा त्या लाल ओळीचा खरा अर्थ असा असतो : ‘तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं पोचवण्याचं काम आम्ही नीट केलेलं नाही, तेव्हा तुम्हीच जपून लिहा.’ ती ग्राहकाला दिलेली सूचना नाही, इंजिनिअरचा कबुलीजबाब आहे. माझाही एक आहे. तो आधी देतो, म्हणजे पुढे ज्यांच्यावर ओरडणार आहे त्यांना ‘तू काय वेगळा आहेस’ असं विचारावं लागणार नाही.

मागच्या गणपतीत मेढ्यात आमच्या मंडळाने रक्तदान शिबिर घेतलं. यात नवीन काही नाही. जावळी तालुक्यातली अर्धी तरणी माणसं मुंबईला, कुणी माथाडीत, कुणी आणखी कशात. ती गणपतीला गावी येतात, तेव्हा गर्दी असते, म्हणून शिबिर तेव्हाच. दात्यांची नावं एका लांबट वहीत लिहिली जातात आणि ती वही तात्यांच्या दुकानात गल्ल्याखाली असते. तात्या माझे चुलते. रात्री-अपरात्री कुणाला रक्त लागलं की तात्यांना उठवायचं, तात्या शटर वर करणार, चष्मा शोधणार, वही काढणार आणि एकेकाला फोन लावत बसणार. इंजिनिअर झालेल्या पुतण्याला हे बघून जे वाटायला हवं तेच मला वाटलं. दोन रात्री जागून मी एक पान तयार केलं. रक्तगट निवडा, गाव लिहा, दात्यांची यादी समोर. खाली एक बटण : ‘ही यादी व्हॉट्सॲपवर पाठवा’. आरतीनंतर माइकवरून माझं कौतुकही झालं.

ऑक्टोबरात एका रात्री पावणेबाराला चुलतभावाचा फोन आला. शेजारची पोरगी बाळंतपणाला साताऱ्यात दाखल होती, रक्तस्राव थांबत नव्हता, रक्तपेढीत ओ पॉझिटिव्हचा साठा कमी होता आणि दाते घेऊन या म्हणून सांगितलं होतं.

“दादा, तुझ्या लिंकात ओ पॉझिटिव्हचं कुनीच दावत नाय.”

“असं कसं? नेट स्लो असंल. रिफ्रेश कर.”

“चारदा केलं की.”

“मग गाव इंग्रजीत टाकून बघ.”

होय, मीच म्हणालो. पुण्यात खोलीवर बसून, डोळे चोळत, एकही ओळ न तपासता. काहीतरी बिघडलं म्हणजे मराठीमुळेच बिघडलं असणार, ही माझी पहिली प्रतिक्रिया होती. त्याने इंग्रजीत टाकून बघितलं. तरीही कुणी नाही. ‘माफ करा, एकही रक्तदाता सापडला नाही.’ हे वाक्यही मीच लिहिलेलं, शेजारी एक उदास चेहरा वगैरे काढून.

शेवटी तात्यांना उठवलं. त्यांनी वही काढली. तासाभरात दोन पोरं गाडीवर बसून साताऱ्याच्या रस्त्याला लागली. पोरगी आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत. ही गोष्ट मी शांतपणे लिहू शकतोय ती केवळ त्यामुळे.

मग मी लॅपटॉप उघडला. सर्व्हर दोन ठिकाणी नोंद ठेवत होता. एक नोंद दारावरची : बाहेरून पत्ता जसा आला तसा. दुसरी आतली : त्या पत्त्यातून माझ्या प्रोग्रॅमला काय कळलं ते. दारावरच्या नोंदीत अकरा वेळा ‘ओ’ आणि त्यापुढे अधिक चिन्ह होतं. आतल्या नोंदीत अकराही वेळा ‘ओ’ आणि त्यापुढे मोकळी जागा. उंबरा ओलांडताना अधिक गळून पडलं होतं. माझा प्रोग्रॅम मग ती मोकळी जागाही झटकून टाकत होता आणि नुसता ‘ओ’ गट असलेले दाते शोधत होता. तसा माणूस जगात नसतो.

हे का झालं ते समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. कुठल्याही वेबपत्त्यात प्रश्नचिन्हानंतर जे येतं ते म्हणजे तुम्ही सर्व्हरला विचारलेला प्रश्न. माझ्या पानाचा प्रश्न असा होता :

?गट=ओ+&गाव=मेढा

यात ‘गट’ आणि ‘गाव’ ही नावं, ‘=’ नंतर त्यांची किंमत, आणि दोन जोड्यांच्या मध्ये ‘&’. या जोड्यांना आम्ही क्वेरी पॅरामीटर म्हणतो. आता ज्या चिन्हांनी वाक्याची रचना होते, तीच चिन्हं कुणाच्या मजकुरात आली तर? त्यासाठी उपाय ठरलेला आहे : मजकुरातलं तसं चिन्ह टक्क्याच्या खुणेत गुंडाळून पाठवायचं. ‘&’ चं %२६, ‘=’ चं %३डी, ‘#’ चं %२३. आणि ‘+’ चं %२बी. कारण अधिकला या पत्त्यांमध्ये वेगळाच अर्थ आहे. १९९५ साली एचटीएमएल दोनचं प्रमाणपत्रक आलं, त्यात फॉर्ममधली मोकळी जागा ‘+’ म्हणून पाठवायची असं ठरलं. ती सवय आजही चालू आहे. म्हणजे उघड्या अधिकचा अर्थ ‘इथे स्पेस आहे’. माझ्या सर्व्हरने तोच अर्थ घेतला. त्याचं बरोबर होतं. चूक पाठवणाऱ्याची होती, आणि पाठवणारं पान मी लिहिलेलं होतं.

मी पत्ता कसा बांधला होता? सुतळीने. एक तुकडा, त्याला दुसरा तुकडा, मध्ये ‘&’, मग तिसरा. जसं जवळजवळ सगळे बांधतात. आणि मी अगदीच अडाणी नव्हतो, हा यातला जास्त लाजिरवाणा भाग. तयार झालेल्या पूर्ण पत्त्यावर मी जावास्क्रिप्टचं ‘एनकोडयूआरआय’ चालवलं होतं. ते देवनागरी अक्षरं व्यवस्थित गुंडाळतं. म्हणून ‘मेढा’ बरोबर पोचत होतं आणि मी निर्धास्त होतो. पण ते ‘&’, ‘=’, ‘+’, ‘#’ यांना हात लावत नाही, कारण त्याला आख्खा पत्ता दिलेला असतो आणि त्यातलं कुठलं ‘&’ रचनेचं आणि कुठलं मजकुराचं हे त्याला कळायला मार्ग नाही. एकेक किंमत जोडण्याआधी गुंडाळायचं साधन वेगळं आहे, ‘एनकोडयूआरआयकंपोनंट’. दोन्ही १९९९ पासून भाषेत आहेत. नावात एका शब्दाचा फरक, आणि त्या शब्दात एका पोरीचं रक्त.

आता सगळ्यात कडू भाग. मी पान तपासलं नव्हतं असं नाही. तपासलं होतं, स्वतःचा गट टाकून. मी बी निगेटिव्ह आहे. वजाचं चिन्ह पत्त्यात निरुपद्रवी असतं, ते जसंच्या तसं जातं. चारही निगेटिव्ह गट माझ्या पानावर अचूक चालत होते. चारही पॉझिटिव्ह गट बंद होते. भारतात दहातली नऊहून जास्त माणसं पॉझिटिव्ह आहेत. म्हणजे मी असं पान बनवलं होतं जे दहातल्या नऊ जणांसाठी मेलेलं होतं आणि बनवणाऱ्यासाठी उत्तम चालत होतं. आपल्या धंद्याचं याहून नेमकं चित्र मला दुसरं माहीत नाही.

आणि खरं तर मी काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. एचटीएमएलचा साधा फॉर्म, एक यादी, एक चौकट, एक बटण : एवढं लावलं असतं तर ब्राउझरने अधिकचं %२बी स्वतःहून केलं असतं. तीस वर्षं तो हे करत आलाय. मी हुशारी केली म्हणून बिघडलं.

*

“एवढ्याशा गोष्टीवर एवढं काय?” असं ऑफिसातला एक मित्र म्हणाला. मग “फ्रेमवर्क करतं ना ते सगळं” हेही म्हणाला. ही दुसरी समजूत जास्त घातक आहे, म्हणून आधी तिच्याकडे बघू.

फ्रेमवर्क करतं, हे खरं. पण केव्हा? तुम्ही त्याच्या हातात सुटे तुकडे दिले तर. हे नाव, ही किंमत; हे दुसरं नाव, ही दुसरी किंमत. मग ते एकेक तुकडा गुंडाळून जोडतं. तुम्ही आधीच जोडलेला दोरखंड त्याच्या हातात दिलात तर ते काही करू शकत नाही. एखादं दुकान घ्या, ‘किराणा & जनरल स्टोअर्स’. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारपेठेत अशा पाट्या आहेत. सुतळीने बांधलेल्या पत्त्यात हे नाव गेलं की सर्व्हरला दुकानाचं नाव ‘किराणा’ एवढंच कळतं, आणि ‘जनरल स्टोअर्स’ नावाचा एक नवाच पॅरामीटर जन्माला येतो, ज्याला किंमत नाही. हे नंतर दुरुस्त करता येत नाही. एकदा जोडलं की कुठलं ‘&’ दुकानदाराचं आणि कुठलं माझं, ही माहितीच शिल्लक राहत नाही. फ्रेमवर्क नाही, देव आला तरी सांगू शकणार नाही. म्हणून क्रम एकच : आधी गुंडाळायचं, मग जोडायचं. उलट बाजूला आधी तोडायचं, मग उलगडायचं. जानेवारी २००५ मध्ये टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मासिंटर यांनी लिहिलेल्या आरएफसी ३९८६ या दस्तऐवजात हे स्पष्ट आहे. वीस वर्षं होऊन गेली. त्याच महिन्यात आरएफसी ३९८७ आला, तो तर खास जगातल्या सगळ्या लिप्यांमधले पत्ते कसे हाताळायचे यासाठी. म्हणजे मराठीची सोय अजून व्हायची आहे असं जर कुणी सांगत असेल, तर ती सोय झाली तेव्हा तो शाळेत होता.

साधनंही पडून आहेत. जावास्क्रिप्टमध्ये यूआरएलसर्चपॅराम्स, पायथनमध्ये यूआरएलएनकोड, पीएचपीमध्ये एचटीटीपी-बिल्ड-क्वेरी. फुकट. एका ओळीचं काम. तरी आम्ही सुतळी घेतो, कारण सुतळी लवकर सापडते. आणि गाठ सुटली की तिच्यावर दुसरी गाठ. अधिक गळतंय? अधिकच्या जागी ‘पॉझिटिव्ह’ शब्द घाला. टक्का दिसतोय? पुन्हा एकदा उलगडा. देवनागरी मोडतेय? दोनदा गुंडाळा. हा शेवटचा प्रकार मी स्वतः पाहिलाय : दोनदा गुंडाळलं की टक्क्याच्याच खुणेचं %२५ होतं, ‘मेढा’ हे चार खुणांचं नाव छत्तीसवरून साठ अक्षरांवर जातं, आणि पलीकडच्याने एकदाच उलगडलं की पडद्यावर गावाच्या जागी टक्केवारी दिसते. मग तो ग्राहकालाच लाल अक्षरांत सांगतो : इंग्रजीतच भरावी.

छत्तीस कसे, ते सांगतो, कारण यावरूनही मराठीला बोल लावला जातो. युनिकोडच्या हिशेबात ‘मेढा’ म्हणजे म, मात्रा, ढ, काना. यूटीएफ-आठ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटचा टक्का धरून तीन अक्षरांचा गठ्ठा होतो. चार त्रिक बारा, बारा त्रिक छत्तीस. नुसता ‘म’ म्हणजे %ई०%ए४%एई. ‘छत्रपती संभाजीनगर’ स्पेससकट एकशे सत्तेचाळीस. व्हॉट्सॲपवर मराठी विकिपीडियाची लिंक टाकली की टक्क्यांचा तो लांबलचक साप दिसतो आणि गटातले काका विचारतात, व्हायरस आहे का. साप नाही. तेच नाव आहे, प्रवासासाठी गुंडाळलेलं. गंमत म्हणजे यूटीएफ-आठची कल्पना १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत ताटाखालच्या कागदावर मांडली. जेवता जेवता झालेलं ते काम आमच्या ‘म’ ला आजही सुखरूप पोचवतं. त्यानंतर खाऊनपिऊन तीस वर्षं निवांत बसलेल्या आम्हाला मात्र तो हाताळता येत नाही.

“पत्ता लांब होतो” या तक्रारीत कधीकाळी तथ्य होतं. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररला २०८३ अक्षरांपलीकडचा पत्ता चालत नसे. तो ब्राउझर वारला. त्याच्या नावाने सुतक अजून आम्हीच पाळतोय.

*

“पॅरामीटर इंग्रजीत ठेवा, कटकट मिटेल.” बरं, ठेवून बघू.

मेढा रोमन लिपीत लिहा. जे होतं तेच ‘मेधा’ चंही होतं, अक्षरन् अक्षर सारखं. मी स्वतःच्या गावाचं नाव शोधतो तेव्हा वेण्णाकाठच्या तालुक्याच्या ठिकाणाऐवजी मेधा नावाच्या बायका समोर येतात. त्यांची काही चूक नाही. आता तालुका घ्या. जावळी. कुणी जे-ए-डब्ल्यू लिहितो, कुणी जे-ए-व्ही. जनगणनेच्या कागदावर तर ते जे-ए-ओ-एल-आय आहे, म्हणजे सरळ वाचलं तर ‘जाओली’. एका तालुक्याची तीन इंग्रजी नावं आणि मराठी नाव एकच. मग गोंधळ कुठल्या लिपीत जास्त आहे? ‘इंग्रजीत टाका’ म्हणणाऱ्याने कटकट मिटवलेली नसते. त्याने ती स्वतःच्या टेबलावरून उचलून तुमच्या टेबलावर ठेवलेली असते, आणि वर स्पेलिंग चुकलं तर ‘यूजर एरर’.

मराठीच्या अडचणी नाहीत असं म्हणणार नाही. आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. ‘ॲम्ब्युलन्स’ चं पहिलं अक्षर दोन प्रकारे टाइप होतं : एक अखंड ‘ॲ’, जो युनिकोडमध्ये २००८ साली आला, दुसरा ‘अ’ वर चंद्र दिलेला. डोळ्यांना दोन्ही सारखे. कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. युनिकोडची नेहमीची एकरूप करण्याची प्रक्रिया चालवली तरी हे दोन एक होत नाहीत. ते तुम्हाला स्वतः लिहून घ्यावं लागतं. हिंदी कीबोर्ड वापरणारा ‘मेढा’ मधल्या ढ खाली नुक्ता देऊन मोकळा होतो, कारण फोन त्याला तोच शब्द सुचवतो. वयाच्या रकान्यात कुणी ‘३२’ असं मराठी आकड्यांत लिहितं : पायथन ते मुकाट बत्तीस म्हणून वाचतो, जावास्क्रिप्ट म्हणतं हा आकडाच नव्हे. गावाच्या चौकटीत माणूस ‘मेढ्यात’ असं लिहितो, कारण तो मराठी बोलतो, आणि मराठीत गाव विभक्ती लागल्यावर बदलतं. या सगळ्यासाठी बसावं लागतं, विचार करावा लागतो, पाचपन्नास ओळी लिहाव्या लागतात. ते इंजिनिअरिंग आहे. त्याचेच पगार आहेत.

जमिनीच्या क्रमांकाचं तर विचारूच नका. सर्व्हे नंबर पंचेचाळीस, हिस्सा एक, पोटहिस्सा ‘अ’ : ‘४५/१/अ’. आपल्याकडे जमीन अशीच लिहितात. सातबाराच्या नावातच तिरकी रेघ आहे. ही रेघ प्रश्नचिन्हाच्या पुढे, क्वेरीत, आली तर काही बिघडत नाही, तिथे तिला मुभा आहे. प्रश्नचिन्हाच्या आधी, मुख्य रस्त्यात, आली तर तिचा अर्थ ‘पुढची गल्ली’ असा होतो. ती गुंडाळून पाठवली तरी अपाची सर्व्हर मूळ मांडणीत असा पत्ता नाकारतो आणि ‘पान सापडत नाही’ म्हणतो. कुणीतरी ठरवायचं असतं की हा क्रमांक कुठे ठेवायचा. ते न ठरवता, शेतकऱ्याला ‘/ ऐवजी - टाका’ असं सांगितलं जातं. आजोबा-पणजोबांच्या काळापासून कागदावर असलेली रेघ, आम्हाला गाठ मारता येत नाही म्हणून बदला.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा माझ्या फोनवर कमीतकमी चाळीस अभिनंदनाचे संदेश आले, त्यातले बरेच आयटीतल्या मराठी पोरांचे. त्यांच्यातल्या कितींच्या कोडमधून ‘ळ’ सुखरूप पलीकडे जातो, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. स्वतःचं उत्तर माहीत होतं.

*

त्या रात्रीच्या नोंदी बघताना आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिने माझी झोप जास्त उडवली. दाता सापडला की त्याला ‘संपर्क झाला’ अशी खूण करायची सोय मी केली होती. त्या लिंकमध्ये मी दात्याचा मोबाइल नंबर घातला होता. उघडा. प्रश्नचिन्हानंतर.

आपल्याला वाटतं, पत्त्याच्या शेजारी कुलूप दिसतंय म्हणजे सगळं बंद पाकिटात आहे. प्रवासापुरतं ते खरं आहे; वाटेत कुणी क्वेरी वाचू शकत नाही. पण दोन्ही टोकांना ती उघडी असते. ब्राउझरच्या इतिहासात राहते. सर्व्हरच्या नोंदवहीत राहते. लिंक कॉपी करून गटात टाकली की दोनशे जणांकडे जाते. पत्ता हे पोस्टकार्ड आहे. पोस्टकार्डावर मी गावातल्या लोकांचे रक्तगट आणि मोबाइल नंबर लिहून वाटत होतो. तात्यांची वही गल्ल्याखाली तरी होती.

आणि ज्याला पत्ता दिसतो, त्याला तो बदलताही येतो. हे तर आमच्यातले मोठमोठे विसरतात. मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या मालमत्ता-विमा कंपनीबद्दल ब्रायन क्रेब्स या पत्रकाराने बातमी दिली : कागदपत्राच्या लिंकमधला आकडा एकाने कमीजास्त केला की दुसऱ्याच माणसाचे कागद उघडत होते. सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी कोटी नोंदी. कुणी काही फोडलं नव्हतं. सर्व्हर फक्त विचारलेल्या आकड्याचा कागद देत होता, विचारणारा कोण हे न विचारता. त्याच्या आदल्या वर्षी कॅनडात, नोव्हा स्कोशिया प्रांतात, माहिती अधिकाराच्या सरकारी साइटवरचे आकडे ओळीने बदलून सुमारे सात हजार कागद उतरवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या घरी पोलीस पोचले. महिन्याभरात प्रकरण मागे घ्यावं लागलं. दार उघडं ठेवलं सरकारने, आणि धरलं कुणाला, तर आत डोकावणाऱ्या पोराला.

आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. माहिती जपण्यात हयगय केली तर दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. मंडळाच्या पानाला कुणी तेवढा दंड करणार नाही. पण सायंकाळच्या आरतीला ज्यांनी विश्वासाने नंबर दिले त्यांच्यासमोर उभं राहायला कायदा लागत नाही. मी दुसऱ्या दिवशी सगळ्या जुन्या नोंदी पुसल्या आणि लिंकमधल्या नंबरच्या जागी अर्थहीन लांबलचक खूण घातली, जी काही तासांनी मरते.

*

कॉलेजात आम्हाला ओएसआयचे सात थर पाठ करून घेतले. प्रत्येक सेमिस्टरला एक प्रश्न ठरलेला, दहा मार्कांचा. टक्क्याच्या खुणेत अक्षर का गुंडाळायचं, हे चार वर्षांत कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही, कारण आमची सगळी उदाहरणं ‘हॅलो वर्ल्ड’ होती. त्या दोन शब्दांत अधिक नाही, ‘&’ नाही, काना-मात्रा तर नाहीच. आता कोड एआय लिहून देतो. त्याला नीट विचारलं तर तो नीट देतो. घाईत विचारलं तर तोही सुतळी देतो, कारण तो आमचंच वाचून शिकलाय.

ऑफिसात हल्ली माझ्याबद्दल कुजबुज आहे. कुणाच्याही कोडमध्ये प्रश्नचिन्ह, मग अधिक, मग अवतरणात ‘&’ असं दिसलं की मी मंजुरी देत नाही. शेजारी एवढीच नोंद लिहितो : ‘ओ+ आणि ४५/१/अ टाकून बघितलं का?’ पहिल्यांदा लोक हसले. मग एकाने खरंच टाकून बघितलं. आमच्या कामाचा रक्तगटाशी किंवा जमिनीशी काहीच संबंध नाही. आम्ही बिलं पाठवायचं सॉफ्टवेअर करतो. ग्राहकाच्या नावात अधिक असलेली चार बिलं गेले सहा महिने चुकीच्या खात्याला लागत होती. ग्राहकांनी तक्रार केली होती. त्यांना आमच्याकडून उत्तर गेलेलं : कृपया नावात विशेष चिन्हे वापरू नयेत.

मेढ्याचं पान आता चालतं. दिवाळीत गावी गेलो तेव्हा तात्यांच्या दुकानात बसून त्यांच्याच फोनवर आठही गट एकेक करून दाखवले. ओ पॉझिटिव्हला त्रेपन्न नावं आली. तात्यांनी चष्मा वर करून सगळी वाचली, मधल्या दोघांना ‘हे आता मुंबईला असत्यात, काढ’ म्हणाले, एकाचा नंबर बदललाय तो सांगितला.

“बरं झालंय,” म्हणाले. मग गल्ल्याखालची वही काढून तोच बदल तिच्यातही केला, आणि ती परत होती तिथे ठेवली.